‘पोर्तुगीज घर’ : माझ्याच जुन्या लेखावर टीका

चार वर्षांपूर्वी, एमएस्सी संपवून पीएचडीच्या मुलाखतीची वाट बघत असताना, मी इथे एक लेख टाकला होता. विषय माझं आजोळ. आगाशी-नंदाखाल पट्ट्यातलं विटांचं, कौलारू घर. शीर्षकात मी ‘तीनशे वर्षांचं पोर्तुगीज घर’ असं ठोकून दिलं होतं. लेख बऱ्यापैकी फिरला. त्यातली दोन वाक्यं मला नंतर एका विद्यार्थ्याच्या प्रकल्प अहवालात जशीच्या तशी सापडली, तेव्हा आधी बरं वाटलं आणि मग पोटात गोळा आला. कारण त्या दोन वाक्यांना माझ्याकडे काहीच पुरावा नव्हता.

आता माझं संशोधन जुन्या चुन्याच्या मसाल्यावरच चाललंय. त्यामुळे हा हिशेब चुकता करायला हवा. तुमच्यापैकी बरेच जण पेट, नेट, रिसर्च प्रपोजल अशा टप्प्यावर आहात. एखादी चूक कशी तयार होते हे दुसऱ्याच्या लेखात बघण्यापेक्षा स्वतःच्या लेखात बघणं जास्त उपयोगी असतं, म्हणून हे लिहितेय.

त्या लेखात मी पुरावा म्हणून काय दिलं होतं? उतरतं कौलारू छप्पर, ओटीवरच्या कमानी, ओतीव लोखंडाचा कठडा, जाड भिंती, दर्शनी भिंतीवरचा क्रूस. आणि सगळ्यावर पांघरूण घालणारा एक शब्द: ‘प्रभाव’. पोर्तुगीज प्रभाव. हा शब्द तुमच्या लिखाणात आला की थांबा. कुणाचा, कुणावर, कधी, कोणत्या वाटेने, यातलं एकही उत्तर न देता वाक्य पूर्ण करायची सोय तो करून देतो. ‘चावी’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला म्हणून घरातलं प्रत्येक कुलूप पोर्तुगीज होत नाही.

तारखांपासून सुरू करू. डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. म्हणजे जवळपास २०५ वर्षं. घर ‘पोर्तुगीज’ म्हणायचं तर एक तर ते या काळात बांधलेलं असायला हवं, नाहीतर नंतर बांधलं तरी तेव्हाची बांधायची पद्धत त्यात उतरलीय हे दाखवायला हवं. हे दोन दावे वेगळे आहेत आणि दोघांना लागणारा पुरावाही वेगळा. मी ते एकात एक कालवले होते.

पहिली अडचण विटेचीच. पोर्तुगीज काळात वसईचं नाव झालं ते दगडासाठी. वसईचा काळा दगड जहाजाने गोव्याला जायचा. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूच्या दर्शनी बाजूचं कोरीवकाम या दगडातलं आहे. ते चर्च १५९४ साली बांधायला घेतलं. वसईच्या किल्ल्यातही बांधकामाचा मुख्य जीव काळ्या दगडात आणि चुन्यात आहे. उलट, वीट इथे पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीपासून आहे. नालासोपाऱ्याला जाऊन आला असाल तर ‘बुरुड राजाचा कोट’ पाहिला असेल. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली तो खणला तेव्हा आत विटांचा स्तूप निघाला, आणि त्यातल्या दगडी पेटीत अवशेषांसोबत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं नाणं होतं. आजोळच्या घरापासून हे ठिकाण काही किलोमीटरवर. वीट दिसली की पोर्तुगीज आठवायचं काहीच कारण नाही.

मग वीटच का? याचं उत्तर झेंड्यात नाही, जमिनीत आहे. गोव्यातली जुनी घरं प्रामुख्याने जांभ्या दगडाची, कारण तिथे जांभा पायाखालीच मिळतो. वसईच्या उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला उल्हास नदीची खाडी, आणि मध्ये गाळाची सपाट जमीन. चिकणमाती हाताशी, जळण हाताशी. ‘पोर्तुगीज घर’ ही एकच जात असती तर गोवा आणि वसई इथली घरं निदान सामानाने तरी सारखी निघाली असती.

आणि एक गोष्ट सांगायला मला आज लाज वाटते. आजोळच्या घराला लागून एका वाडवळ कुटुंबाचं घर आहे. तसंच जोतं, तशीच ओटी, मागे माजघर, वर माळा, परसात विहीर. कौलं तीच, वीट तीच, बहुतेक गवंडीही तेच असणार. त्या घराला मी माझ्या लेखात ‘शेजारचं जुनं घर’ म्हटलं होतं आणि आमच्या घराला ‘पोर्तुगीज’. फरक फक्त क्रुसाचा आणि तुळशी वृंदावनाचा. म्हणजे मी वास्तूचं वर्गीकरण करतेय असं समजत होते, प्रत्यक्षात राहणाऱ्यांच्या धर्माचं केलं होतं.

आता घर प्रत्यक्ष कसं वाचलं ते सांगते. गेल्या दिवाळीत चार दिवस टेप, टॉर्च, वही आणि मोबाईल घेऊन बसले.

छपरापासून सुरुवात केली. घरावर मंगलोरी कौलं आहेत. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला १८६५ साली. यंत्रावर दाबून केलेली, एकमेकांत अडकणारी ही कौलं त्यानंतर किनाऱ्याने सगळीकडे गेली. म्हणजे आमचं आजचं छप्पर १८६५ च्या आधीचं असूच शकत नाही. पुरातत्त्वात अशा तारखेचा फार उपयोग होतो: ‘यापूर्वी नाही’ एवढंच ती सांगते, ‘तेव्हाच’ असं सांगत नाही. इथे एक खड्डा आहे, त्यात मी पडलेय. बऱ्याच बासेल मिशन कौलांवर कारखान्याच्या नावासोबत ‘१८६५’ असा ठसा असतो. मी एमएस्सीत असताना तो बघून कौल त्या वर्षी बनलं असं धरलं होतं. ते कारखान्याच्या स्थापनेचं वर्ष. बिस्किटाच्या पुड्यावर कंपनीची स्थापना छापलेली असते म्हणून बिस्किट तेवढं जुनं नसतं, तसंच. पहिल्या महायुद्धात या जर्मन-स्विस मिशनची मालमत्ता इंग्रज सरकारने ताब्यात घेतली आणि कारखाने पुढे कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. त्यामुळे कॉमनवेल्थचा ठसा दिसला तर ते कौल महायुद्धानंतरचं, एवढं नक्की म्हणता येतं. आमच्या छपरावर दोन्ही ठसे सापडले. म्हणजे फुटकी कौलं वेळोवेळी बदलली गेलीयत.

पण छप्पर नवं म्हणून भिंती नव्या ठरत नाहीत. माळ्यावर चढून वासे बघितले. मंगलोरी कौलांना ठरावीक अंतरावर रीपा लागतात, त्यामुळे खिळेही ठरावीक अंतरावर पडतात. आमच्या वाशांवर त्या ओळीशिवाय भोकांची आणखी एक ओळ आहे, जास्त दाट. म्हणजे याच वाशांवर आधी दुसरं काहीतरी बसवलेलं होतं. बहुतेक गावातल्या कुंभारांनी केलेली नळीची कौलं. म्हणजे भिंती आणि वासे १८६५ च्या आधीचे असू शकतात. असू शकतात. मला इथे जो आनंद झाला तो संशयास्पद होता, कारण मला अजूनही ते घर जुनंच हवं होतं.

मग ओटी. ओटीच्या भिंतीचा गिलावा जिथे पडलाय तिथे माजघराच्या भिंतीला ती जिथे मिळते तो कोपरा बघितला. एकाच वेळी बांधलेल्या भिंती असतील तर कोपऱ्यात विटा एकमेकींत गुंफलेल्या असतात, एक थर या भिंतीत घुसलेला, पुढचा त्या भिंतीत. आमच्याकडे खालपासून वरपर्यंत सरळ उभी फट आहे. ओटी नंतर चिकटवलीय. तिच्या विटांच्या पोटात खाच आहे आणि खाचेत अक्षरं, म्हणजे साच्यातून काढलेली, भट्टीवाल्याची खूण असलेली वीट. माजघराच्या विटा हाताने थापलेल्या, कडा वाकड्या, जाडी कमी-जास्त. थोडक्यात, ज्या कमानी आणि कठड्याचा फोटो मी लेखाच्या वर लावला होता, ‘पोर्तुगीज’ म्हणून, तो घराचा सगळ्यात नवा भाग निघाला. आणि जो खरोखर जुना असण्याची शक्यता आहे त्या अंधाऱ्या माजघराचा मी एकही फोटो काढला नव्हता.

ओटी कधीची असेल? माझा अंदाज रेल्वेनंतरची. १८६७ साली विरारहून बॅकबेपर्यंत गाडी सुरू झाली. या भागातली केळी, विड्याची पानं, भाजी मुंबईच्या बाजारात जाऊ लागली की हातात रोख पैसा आला असणार, आणि रोख पैसा घराच्या दर्शनी बाजूला दिसतो. हा अंदाज आहे, निष्कर्ष नाही. तपासायचा तर ग्रामपंचायतीचा नमुना आठ, जमिनीचे जुने फेरफार, चर्चच्या बाप्तिस्मा नोंदींतून पिढ्यांचा हिशेब, असं बरंच काही लागेल. मी ते अजून केलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, तू विज्ञानवाली, सरळ लॅबमध्ये तारीख काढ की! सगळ्यांना हे सोपं वाटतं, मलाही वाटायचं, म्हणून यावर जरा थांबते.

मसाल्यातल्या कार्बनवरून तारीख काढता येते. चुना भट्टीत भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. भिंतीत बसल्यावर तोच चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि दगड होतो. म्हणजे भिंत बांधतानाची हवा मसाल्यात कोंडली जाते. कल्पना सुंदर आहे. पण साधारण १६५० ते १९५० या काळासाठी रेडिओकार्बनचा तक्ता इतका वर-खाली होतो की एकाच मोजमापाला दोन-तीन शक्य तारखा येतात. आपला सगळा वाद नेमका याच तीनशे वर्षांतला.

त्यात किनाऱ्यावरचा चुना शिंपल्यांचा. भट्टीत शिंपले अर्धवट भाजले गेले तर त्यांचा मूळचा कार्बन मसाल्यात राहतो, आणि समुद्रातला कार्बन हवेतल्यापेक्षा सरासरी ४०० वर्षांनी ‘जुना’ दिसतो. अगदी टोकाचं उदाहरण घ्या: नमुन्यातला निम्मा कार्बन न भाजलेल्या शिंपल्यांचा निघाला, तर १८८० साली बांधलेली भिंत साधारण २०० वर्षांनी जुनी दिसेल. म्हणजे १६८०. बरोबर पोर्तुगीज काळात! आपल्याला जे हवं असतं त्याच दिशेला ही चूक ढकलते. अशा चुकीपासून सगळ्यात जास्त सावध राहायचं, कारण तिच्याबद्दल शंका घ्यायची इच्छाच होत नाही.

विटेची तारीख वेगळ्या पद्धतीने काढतात. मातीतल्या क्वार्ट्झच्या कणांत आजूबाजूच्या किरणोत्सर्गाची ऊर्जा थोडी थोडी साठत जाते. वीट भाजली की साठा शून्यावर येतो आणि तिथून परत भरायला लागतो. प्रयोगशाळेत तापवून तो साठा प्रकाशाच्या रूपात मोजायचा आणि वर्षाला किती साठतो त्याने भागायचं. चूक साधारण ५ ते १० टक्के धरा. १८८० ची वीट असेल तर जास्तीत जास्त पंधरा वर्षं इकडेतिकडे, १७३० ची असेल तर तीस. पोर्तुगीज की रेल्वेनंतरची, एवढं सांगायला हे पुरेसं आहे. पण वसईच्या पावसात भिंत महिनोन्महिने ओली असते आणि विटेतलं पाणी किरणोत्सर्गाचा काही भाग अडवतं. भिंत कोरडी धरून गणित केलं तर वीट आहे त्यापेक्षा तरुण दिसते. शिवाय ही तारीख वीट भाजल्याची, घर बांधल्याची नाही. पडक्या वास्तूच्या विटा काढून नवं घर बांधणं इथे काही नवल नाही.

म्हणून लॅबमधला आकडा शेवटचा पुरावा मानू नका. आधी फट, खिळ्यांची भोकं, कौलाचा ठसा बघा. कोणत्या भिंतीचा नमुना घ्यायचा आणि का, हे तिथूनच ठरतं. ओटीतली एक वीट पाठवून मी ‘घराची’ तारीख आणली असती तर?

आता घराबद्दल, घर म्हणून. तारखेच्या भांडणात हे राहून जातं, आणि जुन्या लेखात तर मी फक्त कौतुकच केलं होतं. घराची चांगली बाजू म्हणजे पावसाशी केलेला व्यवहार. ओटीचं छप्पर खूप पुढे आलंय, त्यामुळे पश्चिमेचा झोडपा माजघराच्या भिंतीपर्यंत पोचतच नाही. जोतं काळ्या दगडाचं आहे, विटेचं नाही, म्हणून जमिनीतली ओल वर चढायला अवघड जातं. ज्याने हे बांधलं त्याला मिठाची ओळख होती. खारी ओल विटेत शिरते, उन्हाळ्यात पाणी उडून जातं, मिठाचे स्फटिक आतून फुगतात आणि विटेचा पापुद्रा सुटतो. आपण म्हणतो भिंतीला लोणा लागला. चुन्याचा गिलावा असेल तर ओल त्यातून बाहेर येते आणि आधी गिलावा झिजतो, वीट वाचते. दर काही वर्षांनी गिलावा नवा करायचा, हीच योजना असते.

वाईट बाजूही आहे. माजघरात भर दुपारी दिवा लावावा लागतो. आजीचं अख्खं आयुष्य तिथल्या धुरात आणि अंधारात गेलं, आणि ‘वारसा’ म्हणून हळवे होणारे आम्ही नातवंडं ओटीवर बसून चहा पितो. हे घर पुढून पाहुण्यांसाठी आणि मागून बायकांसाठी बांधलंय. वास्तुशैलीच्या वर्णनात हे येत नाही, कारण वर्णन करणारा बहुधा ओटीवरच थांबतो.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र जुन्या गवंड्याने केलेलं नाही. वीसेक वर्षांपूर्वी ‘मजबुतीसाठी’ मागच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला. सिमेंट ओल बाहेर सोडत नाही. आतली वीट आता हाताने खरवडली तर पीठ पडतं. बाहेरून भिंत घरातली सगळ्यात धडधाकट दिसते.

अजून एक गोष्ट ‘पोर्तुगीज’ या शब्दाखाली गाडली जाते: वीट कुणी थापली? आजही वसई तालुक्याच्या पूर्वेकडच्या वीटभट्ट्यांवर आदिवासी कुटुंबं राबतात. त्यांची स्वतःची जुनी घरं कारवीच्या कुडाची, वर शेणामातीचं लिंपण. शे-दीडशे वर्षांपूर्वी माजघराच्या विटा कुणाच्या हातच्या होत्या हे मला माहीत नाही. एका विटेवर बोटांचे ठसे आहेत, चार, अगदी स्पष्ट. माझ्या जुन्या लेखात पोर्तुगीज हा शब्द अकरा वेळा आला होता. थापणारा माणूस एकदाही नाही.

हे सगळं मी उत्साहाने मामाला सांगितलं. मामाने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “म्हणजे पोर्तुगीज नाय ना? मग मोडायला काय हरकत?”

मी गप्प. चार भावंडांची वाटणी, सगळ्यांची लग्नाची मुलं, आणि एक कंत्राटदार दोनदा येऊन गेलेला. माझ्या खोट्या शीर्षकाने ते घर चार वर्षं टिकवलं होतं आणि माझ्या खऱ्या निरीक्षणाने ते पाडायची परवानगी दिली. ‘सत्य सांगा, बाकी आपोआप होईल’ असं मेथडॉलॉजीच्या तासाला सांगतात. तसं होत नाही.

मग मी त्याला कायद्यातली एक गोष्ट दाखवली. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात स्मारक म्हणायला किमान वयाची अट १०० वर्षांची आहे. पोर्तुगीज, मराठे, इंग्रज असं काही नाही. अर्थात तेवढ्याने संरक्षण मिळत नाही, ते राष्ट्रीय महत्त्वाचं म्हणून जाहीर व्हावं लागतं, आणि आमचं घर काही तसं होणार नाही. किल्ल्याला ते संरक्षण आहे, त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि पुढे २०० मीटर परवानगीचं. गावातल्या घरांना असं काही नाही. ३ जुलै २००९ ला महापालिका झाली, त्यात राहायचं की नाही यावरून २९ गावांचा वाद वर्षानुवर्षं न्यायालयात राहिला, आणि या सगळ्या काळात घरं एकेक करून उतरत गेली. गावाचं हिरवेपण वाचवायला लोक रस्त्यावर आले. माजघर वाचवायला कुणी येईल असं मला वाटत नाही, आणि जे तिथे राहतात त्यांच्यावर ते लादायचा हक्क मला आहे असंही वाटत नाही.

मामाने दोन गोष्टी मान्य केल्या. मागच्या भिंतीवरचं सिमेंट खरवडून बघायचं, वीट वाचण्यासारखी असेल तर माजघर ठेवून बाजूला नवं बांधायचं. आणि ओटी उतरवायची वेळ आलीच तर कौलं फोडायची नाहीत, एकेक काढून परसात रचायची, म्हणजे मला ठसे मोजता येतील. जुन्या लेखाचं शीर्षक मी आज बदललंय. खाली दुरुस्तीची नोंद टाकलीय, मूळ मजकूर तसाच ठेवलाय. तुमच्यापैकी कुणी तो आपल्या प्रकल्पात वापरला असेल तर कृपया ‘तीनशे वर्षं’ हा आकडा काढा. सिमेंट खरवडायला गवंडी पुढच्या रविवारी येणार आहे.